पुनर्विकासाच्या काळात घरसामान कोठे ठेवावे : प्रथमच साठवणुकीची जागा घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचा पुनर्विकास सुरू झाला की सभासदांना सर्वप्रथम भाड्याच्या घराची चिंता लागते, आणि ते घर मिळाल्यावर लक्षात येते की तीस-चाळीस वर्षांचा संसार त्यात मावणार नाही. विकसकाकडून मिळणाऱ्या भाड्यात त्याच परिसरात राहायचे असेल, तर बहुतेक कुटुंबांना पूर्वीपेक्षा लहान घर स्वीकारावे लागते. मग कपाटे, पलंग, पुस्तके, आजीची पितळी भांडी आणि माळ्यावरून उतरलेली असंख्य बोचकी यांचे काय करायचे हा प्रश्न घर रिकामे करण्याच्या आदल्या आठवड्यात उभा राहतो, आणि घाईत जो पहिला गोदामवाला फोन उचलतो त्याच्याकडे सामान जाते. हा निर्णय किमान दोन महिने आधी आणि ठरावीक क्रमाने घेतला, तर पैसा आणि सामान दोन्ही वाचते. तो क्रम येथे मांडला आहे. परदेशी नोकरीसाठी निघालेल्या किंवा बदलीवर जाणाऱ्या कुटुंबांनाही यातला बहुतेक भाग तसाच लागू पडेल.

पहिली पायरी : मुदत ठरवा आणि ती वाढवून धरा

साठवणुकीचा सारा हिशेब मुदतीवर उभा असतो. विकास करारनाम्यात बांधकाम पूर्ण करण्याची मुदत आणि त्यानंतरची सवलतीची मुदत लिहिलेली असते. ती मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, म्हणजे घरे रिकामी केल्यापासून की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळाल्यापासून, हेही त्यातच असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी निघालेल्या शासनाच्या मार्गदर्शक सूचनांमुळे पुनर्विकासाची कार्यपद्धती बरीच स्पष्ट झाली आहे. तरीही प्रत्यक्षातली तारीख तुमच्याच करारनाम्यात शोधावी लागते. करारात ३६ महिने असतील तर साठवणुकीसाठी ४२ ते ४८ महिने धरावेत. भोगवटा प्रमाणपत्र मिळणे, ताबा घेणे, नव्या घरात लाकूडकाम करून घेणे या साऱ्यात काही महिने जातात, आणि तोवर सामान बाहेरच राहते.

मुदत इतकी दीर्घ आहे हे कळले की निवडही बदलते. तीन महिन्यांसाठी पत्र्याच्या कोरड्या गाळ्यात चालून जाणारे सामान तीन पावसाळ्यांत तेथे टिकेलच असे नाही.

दुसरी पायरी : काय ठेवायचे ते जागेच्या भाड्याशी ताडून पाहा

सर्वाधिक पैसा याच पायरीवर वाचतो, म्हणून येथे थोडे थांबून आकडेमोड करणे योग्य ठरेल. साठवणुकीचे भाडे कोठे चौरस फुटावर, कोठे घनफुटावर, तर कोठे नगावर आकारतात. तुलना करायची असेल तर आपल्या सामानाचे घनफूट आपल्यालाच माहीत असले पाहिजेत. मोजपट्टी घेऊन प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजावी आणि गुणाकार करावा.

दोन शयनगृहांच्या घरातून निघणाऱ्या सामानाचे उदाहरण घेऊ. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल असे लोखंडी कपाट सुमारे २९ घनफूट जागा घेते, म्हणजे अशी दोन कपाटे ५८ घनफूट. तीन जणांचा सोफा साडेसहा बाय तीन बाय तीन धरला तर तोही जवळजवळ ५८ घनफूट. सुटा केलेला पलंग ३२, गाद्या १६, फ्रिज २५, धुलाई यंत्र १२, पाय काढलेले जेवणाचे टेबल आणि एकात एक रचलेल्या चार खुर्च्या मिळून २५. दीड फुटाचे चौकोनी खोके सुमारे ३.४ घनफुटांचे असते, म्हणून अशी तीस खोकी १०१ घनफूट. ही बेरीज ३२७ च्या आसपास जाते. वस्तूंमधल्या फटींसाठी यात पाव भाग मिळवला की सुमारे ४१० घनफूट होतात. सुरक्षित थर सहा फूट उंचीपर्यंतच लावता येतात असे मानले, तर ६८ चौरस फूट जमीन लागते, आणि मागच्या वस्तूपर्यंत पोहोचण्यासाठी दोन फुटांची वाट सोडली की साधारण नऊ बाय दहा फुटांची खोली हवी.

आता भाडे पाहू. दर शहरानुसार आणि उपनगरानुसार फार बदलतात, त्यामुळे केवळ हिशेबासाठी चौरस फुटाला महिना ६० रुपये धरू. ९० चौरस फुटांचे ५,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ६,३७२ रुपये होतात. दरवर्षी १० टक्के वाढ करारात असेल, तर तीन वर्षांत सुमारे २,५३,००० रुपये जातात. ज्या सोफ्याने एकूण घनफुटांचा सहावा भाग व्यापला आहे, त्याच्या वाट्याला यांतले चाळीस हजारांहून अधिक रुपये येतात. तो सोफा तीन वर्षांनी नव्या दिवाणखान्यात ठेवायचाच आहे का, याचे उत्तर हा आकडा समोर ठेवून घरातल्या सर्वांनी मिळून द्यावे.

माझे मत स्पष्ट आहे. दाबलेल्या भुशाच्या बोर्डाचे फर्निचर, दहा वर्षांहून जुन्या गाद्या, जुना फ्रिज आणि जुना एसी साठवणुकीत ठेवू नयेत. बोर्ड ओलाव्याने फुगतो आणि सुटा करून पुन्हा जोडला की स्क्रू पकडत नाही, गादीत कुबट वास बसतो, आणि वापराविना पडून राहिलेल्या यंत्रांची रबरे कडक होतात. याउलट सागाचे किंवा शिसवीचे जुने फर्निचर, तांब्यापितळेचे हंडे, घंगाळी, समया, दगडी पाटा-वरवंटा, चांगली पुस्तके यांची जागा भाड्याच्या मानाने सार्थकी लागते, कारण त्या वस्तू पुन्हा त्याच गुणवत्तेच्या मिळत नाहीत. नव्या घराचा मंजूर नकाशा हाती असेल तर दरवाजाची रुंदी आणि खोलीच्या भिंतींची लांबी त्यावरून पाहून घ्यावी. जुन्या घरात भिंतभर शोभणारे कपाट नव्या घरात खिडकीवर येत असेल, तर ते आजच विकणे शहाणपणाचे आहे.

तिसरी पायरी : सामान कोणाच्या ताब्यात राहणार ते समजून घ्या

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या सेवांचे कायद्याच्या दृष्टीने दोन अगदी वेगळे प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात तुम्हाला एक बंद खोली किंवा पिंजरा भाड्याने मिळतो, त्यावर तुमचे कुलूप असते आणि किल्ली तुमच्याजवळच राहते. आत काय आहे याची नोंद कंपनी ठेवत नाही. याला सामान्यतः सेल्फ स्टोरेज म्हणतात आणि त्याचा करार बहुधा जागा वापरण्याच्या परवानगीच्या स्वरूपाचा असतो. आत ठेवलेल्या वस्तूंची जबाबदारी आपली नाही, असे कंपनी त्यात लिहून ठेवते. दुसऱ्या प्रकारात कंपनीची माणसे घरी येतात, सामान बांधतात, यादी करतात, आपल्या गोदामात नेऊन ठेवतात आणि मागाल तेव्हा आणून देतात. येथे सामानाचा ताबा कंपनीकडे जातो. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये अशा व्यवहाराला बेलमेंट म्हटले आहे. त्याच्या कलम १५१ नुसार सामान ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य विवेकाचा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्यायची असते. तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, असे कलम १५२ सांगते.

म्हणून प्रथमच जागा घेणाऱ्यांनी असा विचार करावा : अधूनमधून जाऊन वस्तू काढायच्या असतील, घरात कोणीतरी धडधाकट माणूस असेल आणि जागा तासाभराच्या अंतरावर असेल, तर स्वतःच्या कुलपाची खोली उत्तम. घरात केवळ ज्येष्ठ मंडळी असतील किंवा कुटुंब परगावी जाणार असेल, तर ताबा घेणारी सेवा सोयीची. मात्र तेथे यादी आणि करार यांवर दुप्पट लक्ष द्यावे लागते. या दुसऱ्या प्रकारात सामान पाहण्यासाठी आधी सूचना द्यावी लागते आणि एखादे खोके बाहेर काढून देण्याचेही पैसे पडतात, हेही विचारून ठेवावे.

गावच्या घराचा पर्याय अनेकांच्या मनात असतो. देशावरच्या कोरड्या गावात आणि जेथे रोज दार उघडणारे माणूस आहे अशा घरात तो चांगला ठरतो. कोकणात मात्र पावसाळाभर बंद राहणाऱ्या घरात कपडे, पुस्तके किंवा लाकूड ठेवू नये, कारण तेथे वाळवी आणि बुरशी या दोन्हींना आवडणारी ओल चार महिने टिकते.

चौथी पायरी : जागा स्वतः पाहा, शक्यतो पावसाळ्यात

संकेतस्थळावरची छायाचित्रे पाहून जागा ठरवू नये. मुंबईभोवती भिवंडी, पनवेल, तळोजा आणि पुण्याभोवती वाघोली, लोणीकंद, चाकण या पट्ट्यांत गोदामे मोठ्या संख्येने आहेत, आणि एकाच रस्त्यावरच्या दोन गोदामांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

प्रथम जमिनीची पातळी पाहावी. गोदामाची जमीन रस्त्यापेक्षा किमान दोन-तीन फूट उंच हवी. मालवाहतुकीसाठी बांधलेला उंच धक्का असेल तर ते आपोआप साधते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबई परिसरातल्या तळमजल्यांवरचा संसार वाहून गेला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढले. आसपासच्या चहावाल्याला किंवा किराणा दुकानदाराला २००५ आणि त्यानंतरच्या मोठ्या पावसांत येथे पाणी किती चढले होते ते विचारावे. त्याचे उत्तर गोदामाच्या व्यवस्थापकाच्या उत्तरापेक्षा विश्वसनीय असते. शक्य असेल तर पहिल्या मजल्यावरचीच जागा घ्यावी आणि सामान नेण्यासाठी मालवाहू लिफ्ट आहे याची खात्री करावी.

त्यानंतर भिंती. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरट लोणा, फुगलेला रंग किंवा सुटलेले पापुद्रे दिसले, तर जमिनीतली ओल वर चढत आहे असे समजावे. हाताचा तळवा भिंतीला थोडा वेळ लावून पाहावा. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन खोल श्वास घ्यावा. कुबट वास आला, तर दर कितीही आकर्षक असला तरी ती जागा सोडून द्यावी. अलीकडेच लावलेला ताजा रंग आणि तीव्र सुगंधाचा फवारा यांमुळेही सावध व्हावे. पत्र्याचे छप्पर असेल तर दिवसा दिवे बंद करून वर पाहावे. जेथून उजेडाचे ठिपके दिसतात तेथून पाणी येते. खिळ्यांच्या खाली जमिनीवर गंजाचे तांबूस डाग असतील, तर तेथे आधीच गळले आहे.

ओलाव्याचे मोजमाप करता येते, आणि ते करावेच. काही शे रुपयांत छोटा डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. तो खोलीत पंधरा-वीस मिनिटे ठेवून आकडा पाहावा. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कापड, चामडे, कागद आणि लाकूड यांवर बुरशी धरू लागते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरची हवा दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणून वातानुकूलित असा शब्द जाहिरातीत दिसला की यंत्रणा चोवीस तास चालते की केवळ कार्यालयीन वेळेत, आणि आर्द्रता कमी करणारे यंत्र वेगळे आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. रात्री बंद होणारी वातानुकूलन यंत्रणा काही बाबतींत अधिक त्रासदायक ठरते, कारण थंड झालेल्या धातूच्या आणि काचेच्या पृष्ठभागांवर दमट हवेतले पाणी जमते. नागपूर, अकोला, सोलापूर अशा ठिकाणी प्रश्न उलटा आहे. तेथे उन्हाळ्यात पत्र्याखालची उष्णता सनमायका चिकटवणारा गोंद सैल करते, छायाचित्रांचे अल्बम चिकटवते आणि प्लास्टिक वाकडे करते. तेथे ओलाव्याहून छपराखालचे उष्णतारोधक अस्तर पाहणे महत्त्वाचे.

आगीच्या बाबतीत भीड ठेवू नये. भिवंडी परिसरातल्या गोदामांना आगी लागल्याच्या बातम्या वारंवार वाचायला मिळतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे फॉर्म बी हे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. चालू सहामाहीचा फॉर्म बी दाखवा, अशी साधी विनंती करावी. ज्याच्याकडे तो असतो तो लगेच दाखवतो. शेजारच्या गाळ्यांत काय साठवले आहे हेही पाहावे. रसायने, रंग, फोम, भंगार किंवा प्लास्टिकचा माल शेजारी असेल, तर तुमच्या खोलीतल्या सर्व दक्षतेचा उपयोग मर्यादित राहतो.

उंदीर, झुरळे आणि वाळवी यांसाठी कीडनियंत्रणाची तारीखवार नोंद ठेवली जाते का ते विचारावे, आणि शटरच्या खालची फट पाहावी. बोटभर फटीतून उंदराचे पिल्लू आत जाते. त्या खोलीत कोणी धान्य किंवा खाद्यपदार्थ ठेवत असेल, तर फवारणीचा उपयोग होत नाही.

पाचवी पायरी : करारनामा सही करण्यापूर्वी घरी आणून वाचा

कराराचा मसुदा घरी नेऊ देत नसतील तर तेथे सामान ठेवू नये. वाचताना पुढील बाबींवर विशेष लक्ष द्यावे.

भाडेवाढ किती आणि केव्हा, अनामत रक्कम किती दिवसांत परत, मुदतीपूर्वी सामान काढल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे परत मिळते की नाही, आणि सामान आत ठेवण्याचे व बाहेर काढण्याचे मजुरीचे दर आजच लिहून दिले आहेत की त्या वेळच्या दराने असे मोघम म्हटले आहे, हे पाहावे. अनेकदा मासिक भाडे कमी आणि सामान सोडवण्याचा खर्च जास्त अशी रचना असते, आणि सामान आत असताना घासाघीस करण्याची ताकद तुमच्याकडे उरलेली नसते. म्हणून एकूण मुदतीचा सर्व खर्च, म्हणजे नेणे, ठेवणे, कर, विमा आणि परत आणणे, एका कागदावर मांडून त्याच आकड्यांची तुलना करावी.

दुसरी महत्त्वाची अट थकबाकीची. भाडे काही महिने थकले तर सामान अडवून ठेवण्याचा आणि लिलाव करण्याचा अधिकार कंपनी करारातून स्वतःकडे घेते. करार कायद्याच्या कलम १७१ नुसार बँकर, आडते आदी ठरावीक व्यावसायिकांखेरीज इतरांना सर्वसाधारण थकबाकीसाठी दुसऱ्याचा माल अडवून ठेवण्याचा अधिकार स्पष्ट कराराशिवाय मिळत नाही. म्हणजेच तुमच्या करारातले ते कलम काय म्हणते यावर बरेच अवलंबून आहे. लिलावापूर्वी किती दिवसांची नोटीस आणि ती कोणत्या पत्त्यावर पाठवणार, हे नीट पाहावे. पुनर्विकासात येथेच एक मोठी फसगत होते : करारावर आधार कार्डावरचा जुना पत्ता लिहिला जातो, ती इमारत पाडलेली असते, आणि नोटीस पोहोचतच नाही. म्हणून करारावर सध्याच्या भाड्याच्या घराचा पत्ता, दोन मोबाइल क्रमांक आणि दोन ईमेल द्यावेत, आणि घर बदलले की तेही लेखी कळवावे. भाडे कार्डावरून आपोआप जात असेल, तर कार्डाची मुदत संपण्याचा महिना दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावा. विकसकाचे भाडे दोन-चार महिने लांबले तरी गोदामाचे देणे थांबत नाही, म्हणून सहा महिन्यांच्या साठवणूक-भाड्याएवढी रक्कम बाजूला असावी.

तिसरी बाब म्हणजे सामान कोण सोडवू शकतो. करार एकट्याच्या नावावर असेल आणि ती व्यक्ती आजारी पडली किंवा निवर्तली, तर बाकीच्यांना सामान मिळवताना कागदपत्रांची मोठी यातायात करावी लागते. पती-पत्नी किंवा आई आणि मुलगा अशी दोन नावे करारावर घालावीत. परदेशी जाणाऱ्यांनी येथे राहणाऱ्या भावाचे अथवा बहिणीचे नाव अधिकृत व्यक्ती म्हणून नोंदवावे.

सहावी पायरी : विम्याचा कागद वेगळा मागा

भाड्यात विमा समाविष्ट आहे, असे तोंडी सांगितले जाते. त्या विम्यात तुमचे सामान खरोखर येते का, की केवळ गोदामाची इमारत येते, हे पॉलिसीच्या प्रतीवरूनच कळते. प्रति ग्राहक किंवा प्रति नग मर्यादा किती, पुराचे आणि गळतीचे पाणी यांत येते का, उंदीर, वाळवी, बुरशी वगळली आहे का, हे पाहावे. कीड आणि बुरशीचे नुकसान सामान्यतः वगळलेलेच असते, म्हणूनच जागेची आणि बांधणीची दक्षता विम्याने भरून निघत नाही. तुमची स्वतःची गृहविमा पॉलिसी असेल तर ती त्यात लिहिलेल्या पत्त्याशी जोडलेली असते. इमारत रिकामी होण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवून गोदामाचा पत्ता त्यात नोंदवता येईल का ते विचारावे. वाहतुकीतल्या मोडतोडीसाठी वेगळा विमा लागतो आणि तो ट्रक निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. मूल्य जाहीर करताना हप्ता वाचवण्यासाठी आकडा कमी लावू नये, कारण भरपाईही त्याच प्रमाणात घटू शकते.

दागिने, मूळ दस्तऐवज, शेअर सर्टिफिकेटे, नव्या घराचा कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करारनामा यांपैकी काहीही गोदामात ठेवू नये. त्यांची जागा बँकेचा लॉकर. तेथेही मर्यादा लक्षात असाव्यात : रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. मौल्यवान दागिन्यांसाठी म्हणून वेगळा विमा घेणे इष्ट.

सातवी पायरी : बांधणी

येथे मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण चांगल्या जागेतही वाईट बांधणीमुळे वस्तू खराब होतात. मूळ नियम एकच : वस्तू पूर्ण कोरडी असेल तरच ती बांधावी, आणि बांधल्यावरही तिला थोडी हवा मिळावी. लाकडी फर्निचरवर प्लास्टिकची ताणपट्टी थेट गुंडाळली तर आतली ओल आतच राहते आणि पॉलिशवर पांढरे चट्टे उठतात. लाकडावर आधी जुनी सुती चादर किंवा गोणपाट, त्यावर नालीदार पुठ्ठा आणि मग प्लास्टिकची केवळ एक-दोन वेढ्यांची पट्टी, तीही तळाची बाजू उघडी ठेवून. घर रिकामे करण्याची वेळ पावसाळ्यात येत असेल, तर सामान आधीच्या उन्हात वाळवून एप्रिल-मे मध्येच पुढे पाठवावे.

पैठणी आणि जरीच्या साड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवू नयेत. धुऊन वाळवलेल्या मलमलीत किंवा सुती धोतराच्या तुकड्यात सैल गुंडाळाव्यात, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत, आणि दर सहा महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीच्या रेषेवर जर तुटते. हे वारंवार करायचे म्हणूनच साड्या गोदामाऐवजी भाड्याच्या घरातल्या एका कपाटात ठेवणे मला अधिक योग्य वाटते. पुस्तके लहान खोक्यांत आडवी ठेवावीत. मोठे खोके पुस्तकांनी भरले तर ते उचलताना तळ सुटतो. तांब्यापितळेची भांडी चिंचेने किंवा पीतांबरीने घासली की त्यांतला आंबटपणा निघून जाईपर्यंत धुऊन, पुसून, दिवसभर उन्हात ठेवून मगच कागदात गुंडाळावीत. पाटा-वरवंटा आणि जाते यांच्यासाठी वेगळे लाकडी खोके करून ते सर्वांत खाली ठेवावे.

फ्रिज दोन दिवस आधी बंद करून पूर्ण वाळवावा आणि दाराच्या फटीत कापडाची घडी ठेवून दार किंचित उघडे राहील असे बांधावे. दार घट्ट बंद राहिले तर आतल्या रबरावर काळी बुरशी धरते आणि तिचा वास जात नाही. धुलाई यंत्राच्या नळीतले आणि गाळणीतले पाणी काढावे. समोरून उघडणाऱ्या यंत्राचे ड्रम घट्ट धरणारे वाहतुकीचे बोल्ट असतील तर ते लावावेत. इन्व्हर्टरची बॅटरी साठवू नये, ती विकावी, कारण चार्ज न होता पडलेली बॅटरी खराब होतेच, शिवाय आम्ल गळण्याचा धोका असतो. गॅस सिलिंडर, रॉकेल, रंगाचे डबे, फटाके, पॉवर बँक यांना कोणत्याही गोदामात परवानगी नसावी. गॅसजोडणी नव्या पत्त्यावर वर्ग करावी किंवा वितरकाकडे जमा करून पावती जपून ठेवावी.

पलंग, टेबल यांचे नट-बोल्ट कापडी पिशवीत घालून त्याच वस्तूला सुतळीने बांधावेत, आणि सुटे करण्यापूर्वी सांध्यांची छायाचित्रे घ्यावीत.

आठवी पायरी : यादी, आणि मग सामान आत ठेवणे

प्रत्येक खोक्याला क्रमांक द्यावा आणि तो दोन बाजूंवर ठळक लिहावा. खोक्यात काय आहे हे बाहेर सविस्तर लिहू नये. ते वहीत आणि मोबाइलमध्ये असावे. फर्निचरवरचे जुने ओरखडे, तडे, डाग यांची छायाचित्रे तारखेसह घ्यावीत. ताबा घेणाऱ्या कंपनीची माणसे यादीत प्रत्येक वस्तूपुढे ओरखडे, जुने, स्थिती अज्ञात असे शेरे सरसकट लिहितात. जेथे ते खरे नसतील तेथे तेथेच खोडून दोघांनी सही करावी. यादीच्या दोन प्रती हव्यात आणि खोक्यांना सील लावत असतील तर त्यांचे क्रमांक यादीत उतरवावेत.

सामान आत ठेवताना घरातल्या एका माणसाने गोदामापर्यंत जावेच. जमिनीवर थेट काही ठेवू देऊ नये. लाकडी किंवा प्लास्टिकचे पॅलेट खाली घालावेत आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. कपाटे उभीच ठेवावीत, गाद्या आडव्या आणि सर्वांत वर, सोफ्यावर खोकी रचू नयेत. दारापाशी ती खोकी ठेवावीत ज्यांची वर्षभरात गरज पडेल : गणपतीची आणि दिवाळीची आरास, मुलांचे जुने शालेय कागद, हिवाळ्याचे कपडे.

त्यानंतर वर्षातून किमान दोनदा, एकदा पावसाळा सुरू होण्याआधी आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, जाऊन पाहावे. दोन-तीन खोकी उघडावीत, मागच्या भिंतीवर टॉर्च टाकावा, कपाटे तासभर उघडी ठेवावीत. काही आढळले तर त्याच दिवशी छायाचित्रांसह ईमेल पाठवावा. तोंडी तक्रार केल्याचा पुरावा राहत नाही.

सामान परत घेताना

नव्या घराचा ताबा मिळण्याच्या सुमारास गोदामाला लेखी सूचना द्यावी, कारण बहुतेक करारांत १५ ते ३० दिवसांची पूर्वसूचना लागते. सामान दारात आले की मजूर घाई करतात आणि पोच पावतीवर सही मागतात. यादीप्रमाणे प्रत्येक क्रमांक मोजून, सील तपासून, मोडलेली वस्तू तेथेच उघडून पाहिल्यावरच सही करावी. सर्व खोकी तपासणे शक्य नसेल, तर पावतीवर आतील वस्तू तपासायच्या बाकी आहेत असे स्वहस्ते लिहून सही करावी आणि त्या प्रतीचे छायाचित्र घ्यावे. नुकसानीचा दावा किती दिवसांत करायचा हे करारात लिहिलेले असते आणि ती मुदत फार थोडी असू शकते, म्हणून पहिल्या आठवड्यातच सर्व खोकी उघडावीत. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्या वेळी सहीची यादी, तारखेची छायाचित्रे, भाड्याच्या पावत्या आणि पाठवलेले ईमेल एवढे कागद पुरावा म्हणून जोडावेत.